स्वयंपाकघरातील साली आणि पिकावरील कीड: शेतकऱ्यांना नेमके काय शिकवावे

स्वयंपाकघरातून रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्यात किडीला नकोसे वाटणारे किंवा तिला अपाय करणारे काही पदार्थ खरोखरच असतात. लसणात ते आहेत, मिरचीत आहेत, संत्र्याच्या सालीत आहेत आणि सीताफळाच्या बियांत तर माणसालाही घातक ठरावेत इतके आहेत. मात्र ते प्रत्येक सालीत नसतात, साध्या पाण्यात नेहमी उतरतातच असे नाही आणि प्रत्येक किडीवर चालत नाहीत. गावोगावच्या प्रशिक्षणांत बहुतेकदा एक ठरलेली कृती सांगितली जाते: अमुक इतका लसूण, तमुक इतकी मिरची, इतके दिवस भिजवा, गाळा आणि फवारा. शेतकरी घरी जाऊन ती कृती करून पाहतो, पानाखालचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, जागची हलत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा कृषी सेवा केंद्रात रासायनिक औषधाची बाटली मागतो. कृती बरोबर असली तरी ती का चालते आणि कुठे चालणार नाही हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा विषय तोच असायला हवा.

हा विषय महाराष्ट्रात छंदापुरता उरलेला नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुरुषभर उंच वाढलेल्या कपाशीत, दमट हवेत, तोंडावर फडकेही नसताना दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याची पद्धत तेव्हा सर्वांसमोर आली. अशा परिस्थितीत घरच्या घरी तयार होणाऱ्या अर्काकडे लोक आशेने पाहतात, आणि म्हणूनच त्याविषयी अतिशयोक्ती करणे अधिक धोक्याचे ठरते.

लसूण, मिरची आणि संत्रे: गुण कुठे असतो

वनस्पतींना आपल्या जागेवरून हलता येत नाही. त्यामुळे त्यांना खाणाऱ्या किडी, बुरशी आणि जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी त्या निरनिराळी रसायने तयार करतात. आपण ज्याला तिखटपणा, उग्र वास किंवा कडवटपणा म्हणतो तो बऱ्याचदा याच रसायनांचा असतो. परंतु ही रसायने झाडाच्या सर्व भागांत सारख्या प्रमाणात नसतात, आणि काही तर झाडात तयार स्थितीत नसतातच.

लसूण हे याचे उत्तम उदाहरण आहे. अखंड पाकळीला फारसा वास येत नाही, कारण तिच्यातील ॲलिइन हा पदार्थ आणि ॲलिनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, म्हणजे एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की ते कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होऊ लागते. उग्र वासाचे आणि किडीला दूर ठेवणाऱ्या गुणाचे मूळ बहुतांशी या ॲलिसिनमध्ये व त्यापासून पुढे बनणाऱ्या गंधकयुक्त पदार्थांत आहे. यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. लसूण उकळला तर विकर निकामी होते आणि ॲलिसिन जवळजवळ बनतच नाही, म्हणून फोडणीतला किंवा भाजीतला लसूण या कामाचा नाही. ॲलिसिन फार टिकत नाही, म्हणून महिनाभर बाटलीत साठवलेल्या अर्काकडून ताज्या अर्काइतकी अपेक्षा ठेवता येत नाही. आणि लसणाची पांढरी, कागदासारखी साल मृत पेशींची असल्याने तिच्यात ही प्रक्रिया घडण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. सोलताना बाजूला टाकलेल्या बारीक, सुरकुतलेल्या किंवा कोंब फुटलेल्या पाकळ्या मात्र अवश्य वापराव्यात, कारण त्यांच्यात जिवंत गर असतो. कांद्याच्या तपकिरी सालीचेही असेच आहे: डोळ्यांत पाणी आणणारा गुण ओल्या पाकळीचा आहे, वरच्या वाळक्या पापुद्र्याचा नाही. नाशिककडच्या खळ्यांवर कांद्याच्या सालींचे ढीग पाहून कीटकनाशकाचा कारखानाच दिसू लागतो, पण त्या ढिगाची योग्य जागा कंपोस्टच्या खड्ड्यात आहे.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिनमुळे येतो. तो मुख्यतः मिरचीच्या आतील पांढऱ्या पडद्यात, म्हणजे बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या भागात, तयार होतो. देठात तो नगण्य असतो. त्यामुळे घरोघरी जमणारी मिरचीची देठे गोळा करून बादलीत भिजवण्याला फारसा अर्थ नाही. त्याउलट मिरची कांडपाच्या ठिकाणी खाली सांडणारी पूड किंवा घरी उरलेल्या, रंग उडालेल्या जुन्या मिरच्या कामाच्या आहेत. दुसरी अडचण अशी की कॅप्सायसिन पाण्यात अत्यल्प विरघळते, तर तेलात सहज उतरते. जुन्या कृतींमध्ये वाटण रॉकेलमध्ये भिजवायला सांगत ते याच कारणाने. रॉकेल पाने करपवते आणि आता सहज मिळतही नाही, तेव्हा दोन चमचे खाद्यतेल हाच बरा पर्याय आहे. कॅप्सायसिन उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही, म्हणून मिरची उकळली तरी चालते. लसणाची गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि तरीही दोन्ही एकत्र उकळायला सांगणाऱ्या कृती सर्रास फिरतात.

येथे एक गंमतीची बाब सांगण्यासारखी आहे. तिखटाची जाणीव सस्तन प्राण्यांना होते, पक्ष्यांना होत नाही. पक्ष्यांच्या मज्जातंतूंवरील ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, कॅप्सायसिनला प्रतिसादच देत नाही. म्हणून पोपट हिरव्या मिरच्या आनंदाने खातात, आणि म्हणूनच ज्वारीच्या कणसांवरील पाखरे हाकलण्यासाठी मिरचीचे पाणी फवारणे व्यर्थ आहे. गोफण किंवा चकाकती पट्टी त्यापेक्षा उपयोगी पडते.

संत्री, मोसंबी आणि लिंबू यांच्या सालीतील तेलात मुख्य घटक लिमोनीन असतो. संत्र्याच्या सालीच्या तेलात तर तो नव्वद टक्क्यांहून अधिक असतो. मऊ अंगाच्या किडींच्या त्वचेवरील मेणाचा थर लिमोनीन विरघळवू शकते. पण ते तेल असल्यामुळे पाण्यावर तरंगते, हवेत लवकर उडून जाते आणि जास्त झाले तर पानेही जाळते. सालीचे तुकडे, गूळ आणि पाणी बंद बरणीत तीन महिने आंबवून तयार होणारे द्रावण सध्या अनेक ठिकाणी शिकवले जाते. त्यात शेवटी प्रामुख्याने सेंद्रिय आम्ले असतात, म्हणजे ते एक प्रकारचे आंबट पाणीच असते. फरशी पुसायला ते उत्तम आहे. कीटकनाशक म्हणून त्याच्यावर विसंबावे असे मला वाटत नाही, आणि कोणी करणारच असेल तर त्याने बरणीचे झाकण अधूनमधून सैल करावे, कारण आंबवताना निघणाऱ्या वायूने बरणी फुटू शकते.

केळीची साल, चहाचा चोथा, बटाट्याची साल आणि भाज्यांचे देठ यांविषयी थोडक्यात इतकेच की त्यांचे खत करावे. चहा-कॉफीचे उदाहरण मात्र मात्रा समजावण्यासाठी उपयोगी आहे. कॅफीनमुळे गोगलगायी मरतात हे खरे असून हवाई बेटांवरील संशोधकांनी ते २००२ मध्ये प्रसिद्ध केले, परंतु त्यासाठी त्यांनी १ ते २ टक्के कॅफीनचे द्रावण वापरले होते. आपल्या कपातील कॉफीत कॅफीन साधारण ०.०५ टक्के असते आणि एकदा उकळून झालेल्या चहाच्या चोथ्यात त्याहून बरेच कमी उरते. २०२२ मध्ये लातूर आणि बीड भागांत कोवळ्या सोयाबीनवर शंखी गोगलगायींनी धुमाकूळ घातला, तेव्हा संध्याकाळी शेतात गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे अंथरून, त्याखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे हाच साधा उपाय कामी येणारा होता.

मारणे, पळवणे आणि भूक मोडणे

घरगुती अर्कांबाबत होणारी निराशा बहुतेक वेळा चुकीच्या अपेक्षेतून जन्माला येते. रासायनिक औषध फवारल्यावर तासा-दोन तासांत अळ्या खाली पडलेल्या दिसतात, आणि शेतकऱ्याची नजर तेच पाहण्याला सरावलेली असते. वनस्पतिजन्य अर्क मात्र तीन निरनिराळ्या मार्गांनी काम करू शकतात. काही स्पर्शाने मारतात, काही वासाने किडीला अंडी घालण्यापासून परावृत्त करतात आणि काही तिचे खाणे व वाढ थांबवतात.

तिसऱ्या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणजे निंबोळी अर्क. निंबोळी स्वयंपाकघरातली नसली तरी तिची तुलना टाळता येत नाही, कारण घरगुती अर्कांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेला आणि खात्रीचा अर्क तोच आहे. निंबोळीच्या बियांतील गरात असलेला अझाडिरॅक्टिन हा पदार्थ १९६८ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. तो पानावर पडला की अळी ते पान खायला नाखूश असते. ताटात पक्वान्न असूनही तापातल्या माणसाला घास उतरू नये, तशी तिची स्थिती होते. शिवाय तो अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत अडथळा आणतो, त्यामुळे लहान अळी पुढच्या अवस्थेत जाताना मरते किंवा विकृत होते. या सर्वाला तीन ते सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन जिवंत अळ्या मोजणारा शेतकरी अर्क वाया गेला असे समजतो; त्याने खरे तर पानांवर नवी छिद्रे पडली की नाही ते पाहायला हवे. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या अळीवर या अर्काचा परिणाम फार कमी होतो, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

आणि जी कीड आत शिरली, तिच्यावर कोणताच घरगुती अर्क पोचत नाही. कपाशीच्या बोंडातील गुलाबी बोंडअळी, वांग्याच्या शेंड्यातील आणि फळातील अळी, मक्याच्या पोंग्यात खोल गेलेली लष्करी अळी यांना बाहेरून मारलेल्या लसणाच्या पाण्याचे काही वाटत नाही. वांग्याचे कीडग्रस्त शेंडे खुडून नष्ट करणे, नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावणे, कपाशीची फरदड न घेणे (म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे न राखणे) हे त्यावरचे उपाय आहेत. घरगुती अर्कांची खरी जागा मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांसारख्या पानाच्या पृष्ठभागावर राहून रस शोषणाऱ्या किडी आणि पाने खाणाऱ्या अगदी लहान अळ्या येथपर्यंतच आहे.

आता साबणाकडे वळू. जवळजवळ प्रत्येक कृतीच्या शेवटी ‘थोडा साबण घाला’ असे असते, आणि त्याचे कारण अर्क पानावर पसरावा एवढेच सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. साबणाचे पातळ द्रावण स्वतःच मावा आणि पांढऱ्या माशीच्या पिल्लांना मारते, कारण ते त्यांच्या अंगावरील मेणाचा थर व पेशींची आवरणे बिघडवते. हा परिणाम द्रावण ओले असेपर्यंतच आणि थेट किडीच्या अंगावर पडले तरच होतो. याचा अर्थ असा की एखाद्याने लसूण-मिरची-साबण फवारला आणि मावा मेला, तर श्रेय लसणाचे की साबणाचे हे नुसत्या पाहण्यावरून कळत नाही. कित्येक लोकप्रिय अर्कांचा गुण प्रत्यक्षात त्यांतील साबणाचा असावा, अशी मला दाट शंका आहे. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नये. तिच्यातील सोड्याने द्रावण अल्कधर्मी होते, त्यात अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होते आणि कोवळी पानेही करपतात. रात्रभर भिजवून कुस्करलेल्या रिठ्याचे पाणी हा आपल्याकडचा चांगला पर्याय आहे.

सुरुवातीची दोन प्रमाणे

परसबागेतील मिरची, वांगी, टोमॅटो किंवा गवारीसाठी दहा लिटर द्रावण करायचे असेल, तर साधारण १०० ग्रॅम लसूण आणि तितकीच तिखट मिरची वेगवेगळी बारीक वाटावी, लसूण वाटल्यावर दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, मग दोन्ही वाटणे दोन चमचे खाद्यतेलात कालवून रात्रभर झाकून ठेवावीत. सकाळी त्यात एक लिटर पाणी घालून द्रावण सुती कापडाने वस्त्रगाळ करावे, रिठ्याचे पाणी मिसळून चांगले ढवळावे आणि उरलेले पाणी घालून दहा लिटर करावे. गाळण्यात कंटाळा केला की पंपाचे नोझल तुंबते, आणि प्रशिक्षणातील उत्साह बहुधा तेथेच संपतो. हे द्रावण आधी दोन-तीन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी करपा दिसतो का ते पाहावे. मगच सर्व झाडांवर, पानांच्या खालच्या बाजूने, उन्हे उतरल्यावर फवारावे. त्याच दिवशी ते संपवावे.

निंबोळी अर्क ५ टक्के करण्यासाठी १०० लिटर पाण्याला निंबोळीच्या बियांतील पाच किलो गर लागतो. जून-जुलैत गळलेल्या निंबोळ्या गोळा करून, बियांवरचा गोडसर भाग काढून, सावलीत वाळवून ठेवल्या तर त्या हंगामभर पुरतात; मात्र आठ-दहा महिन्यांपेक्षा जुन्या निंबोळीचा गुण ओसरतो. गर भरडून रात्रभर पाण्यात भिजवणे, सकाळी गाळणे आणि साबण किंवा रिठा मिसळणे एवढीच ही कृती आहे. अझाडिरॅक्टिन उन्हात विघटित होत असल्यामुळे ही फवारणीही संध्याकाळीच करावी आणि गरज असल्यास आठवड्याने पुन्हा करावी.

यानंतर एक साधे गणित मांडावे, कारण त्यानेच बऱ्याच भ्रमांचा निचरा होतो. वाढलेल्या पिकाला हातपंपाने एकरी सुमारे २०० लिटर द्रावण लागते. वरील प्रमाणाने एका एकराला दोन किलो लसूण आणि दोन किलो मिरची झाली, आणि फवारणी आठवड्याने पुन्हा करायची आहे. कोणत्याही घरच्या कचऱ्यातून एवढा माल निघत नाही, आणि बाजारातून लसूण विकत आणून कपाशीवर फवारणे भावाचा विचार केला तर परवडणारे नाही. म्हणजे घरच्या टाकाऊ मालाचा अर्क परसबागेपुरता किंवा भाजीपाल्याच्या दोन-चार वाफ्यांपुरता पुरतो. एकरांच्या पिकाला निंबोळीच हवी. भाजी मंडई, खानावळी आणि मंगल कार्यालये येथून मोठ्या प्रमाणावर लसूण-आल्याचे टाकाऊ तुकडे मिळू शकतात, पण ते आणताना शिजलेले अन्न त्यात मिसळलेले नाही ना हे पाहावे लागते. शिजलेल्या अन्नातील मीठ पानांना व जमिनीला अपायकारक असते आणि तेलकट अंश पंपात बसतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा गैरसमज

सीताफळाच्या बिया हा पुरेपूर स्वयंपाकघरातला कचरा आहे आणि त्यांचा अर्क किडींवर जोरदार चालतो, कारण त्यांतील ॲसिटोजेनिन्स पेशींची ऊर्जानिर्मितीच रोखतात. पण हीच पूड उवा मारण्यासाठी डोक्याला लावल्यावर डोळ्यांत जाऊन बुबुळाला गंभीर इजा झाल्याच्या घटना भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. त्यामुळे घरच्या मिक्सरमध्ये त्या वाटणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. नवशिक्यांच्या वर्गात हा अर्क शिकवूच नये असे माझे मत आहे.

तंबाखूविषयी तर अजिबात दुमत असू नये. निकोटिन त्वचेतून शरीरात शोषले जाते आणि त्याची तीव्र विषबाधा होते. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून भारतात वापरण्यास बंदी आहे. त्याखेरीज तंबाखूतील मोझॅक विषाणू त्या पाण्यातून किंवा हातांतून टोमॅटो आणि मिरचीवर जाऊ शकतो, म्हणजे मावा घालवताना रोग घरात आणल्यासारखे होते. तरीही तंबाखू, मिरची आणि लसूण गोमूत्रात उकळून केलेला अर्क नैसर्गिक शेतीच्या वर्गांतून सर्रास सांगितला जातो. दहा प्रकारच्या पाल्यांपासून केल्या जाणाऱ्या दशपर्णी अर्कातील रुईच्या चिकाने डोळ्यांना इजा होते आणि कण्हेर तर सर्वच अंगांनी विषारी आहे, हेही त्या कृतीसोबत स्पष्ट शब्दांत सांगितले जायला हवे.

शेण आणि गोमूत्र घालून आंबवलेल्या अर्कांत रोगजंतू असू शकतात. म्हणून कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांवर, विशेषतः काढणी जवळ आली असताना, ते फवारू नयेत. कोणताही अर्क करताना हातमोजे व डोळ्यांना चष्मा असावा, फवारताना तोंडाला मास्क असावा, भांडी व गाळणी वेगळी ठेवावीत आणि उरलेला अर्क शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मिरचीच्या फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने तोंडावर आले तर काय होते हे ज्याने एकदा अनुभवले त्याला वाऱ्याच्या दिशेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

शिकवण्याची पद्धत

शेतकऱ्यांना फळ्यावर शिकवण्यापेक्षा शेतातच शिकवावे, ही कल्पना इंडोनेशियात आकाराला आली. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक वारंवार होत होता, आणि त्यामागे जास्त फवारणीमुळे तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच मेले हे कारण होते. १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास मनाई केली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू झाल्या. महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून कीड सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप कार्यक्रम आला, आणि नंतर शेतीशाळा कृषी विभागाच्या कामाचा नियमित भाग झाल्या. अर्क शिकवण्याची जागा या चौकटीत आहे. वेगळा ‘अर्क बनवा’ मेळावा भरवला की लोक कृती लिहून नेतात आणि किडीकडे पाहायचे राहून जाते.

पहिल्या वर्गात काहीच वाटू नये, काहीच भिजवू नये, केवळ मोजावे. शेतात तिरके चालत ठिकठिकाणची झाडे निवडून प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे पान उलटून पाहावे आणि किडी व मित्रकीटक दोन्ही लिहावेत. कपाशीवर प्रति पान दहा मावा किंवा दोन-तीन तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. त्याखाली कीड असेल तर फवारणीचा खर्च वसूल होत नाही, मग ती फवारणी लसणाची असो वा रासायनिक. ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या मावा खाताना एकदा प्रत्यक्ष पाहिल्या की दर आठवड्याला ठराविक वारी अर्क मारण्याची सवय आपोआप प्रश्नांकित होते, कारण साबण आणि लसूण मित्रकीटकांनाही सोडत नाहीत.

दुसऱ्या टप्प्यात तीन पारदर्शक बरण्या घ्याव्यात आणि त्यांची तोंडे मलमलीने बांधावीत. एकीत साध्या पाण्यात बुडवलेले पान, दुसरीत रिठ्याच्या पाण्यातील पान, तिसरीत अर्क आणि रिठा यांच्या मिश्रणातील पान ठेवून प्रत्येकीत दहा लहान अळ्या किंवा मावा सोडावेत आणि पुढील तीन दिवस रोज मोजावे. समजा साध्या पाण्याच्या बरणीत दोन मेल्या आणि अर्काच्या बरणीत सहा मेल्या. तर अर्काचा परिणाम साठ टक्के नाही, कारण दोन तर अशाही मरणारच होत्या. उरलेल्या आठांपैकी चार अर्काने मेल्या, म्हणजे परिणाम पन्नास टक्के झाला. ही दुरुस्ती ॲबट या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये सुचवली आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही ती वापरतात. मोबाइलवरच्या गणकयंत्राने ती शेताच्या बांधावरही करता येते. रिठ्याच्या बरणीतही चारच्या वर मेल्या असतील, तर लसणाचा खर्च वाचवायला हरकत नाही.

बरणीत चाललेला अर्क शेतात चालेलच असे नसते, म्हणून तिसऱ्या टप्प्यात एकाच वाफ्यातील काही ओळी विनाफवारणी ठेवाव्यात, काहींवर रिठ्याचे पाणी, काहींवर अर्क आणि काहींवर निंबोळी अर्क मारावा. फवारणीपूर्वी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने मोजणी करावी. मध्येच जोराचा पाऊस आला तर विनाफवारणीच्या ओळींतीलही मावा धुऊन जातो. ती ओळ राखलेली नसती तर पावसाचे श्रेय अर्काला मिळाले असते. विनाफवारणीची ओळ सोडायला शेतकरी सहजासहजी तयार होत नाहीत, कारण डोळ्यांदेखत पीक खाऊ देणे जड जाते, आणि त्यांचे म्हणणे रास्तही आहे. म्हणून ही ओळ शेतीशाळेच्या सामाईक प्लॉटवर ठेवावी, तिचे नुकसान सर्वांनी वाटून घ्यावे.

वर्गाला कोण बसते याकडेही लक्ष द्यावे लागते. लसूण सोलणारे, मिरच्या निवडणारे आणि निंबोळ्या वेचणारे हात बहुतेक घरांत स्त्रियांचे असतात, तर पंप पाठीवर घेणारा पुरुष असतो. केवळ पुरुषांना बोलावले तर कच्चा माल जमत नाही, केवळ महिला बचत गटाला शिकवले तर पंप हलत नाही. खुरपणीच्या निमित्ताने पानाखालची कीड सर्वांत आधी दिसते तीही स्त्रियांनाच, तेव्हा मोजणीची वही त्यांच्याकडे असणे अधिक सोयीचे ठरते.

बचत गटांनी हे अर्क बाटलीत भरून विकावेत, असा सल्ला उत्साहाच्या भरात दिला जातो. त्याआधी कायदा पाहावा. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाच्या कलम ३८ नुसार स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरण्यास हा कायदा लागू होत नाही. मात्र कीड मारण्याचा दावा करून एखादे द्रावण विक्रीला काढले की कलम ९ खालील नोंदणी आणि उत्पादन व विक्रीचे परवाने आवश्यक होतात. बाजारात मिळणारी अझाडिरॅक्टिनची ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएमची (दहा लाख भागांत इतके भाग) उत्पादने अशी नोंदणी करूनच विकली जातात, आणि बाटलीवर छापलेले प्रमाण खरे ठरवण्याची जबाबदारी उत्पादकावर असते. घरच्या अर्कात दर वेळी ते प्रमाण बदलते. गटाला उत्पन्न हवेच असेल तर स्वच्छ, वाळवलेली निंबोळी किलोवर विकणे हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडी निंबोळी वेचण्याचे नियोजन मे महिन्याच्या बैठकीतच करावे लागते.